डॉर्सेटचे काळे घोटीव खापर कसे ओळखावे

रोमन ब्रिटनमधील सैनिकी ठाण्यांच्या उत्खननांत स्वयंपाकाच्या भांड्यांची काळपट खापरे मोठ्या प्रमाणात मिळतात आणि त्यांपैकी बरीचशी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील डॉर्सेटमध्ये, पूल बंदराच्या परिसरात घडवलेली असतात. इ.स. ४३ च्या रोमन स्वारीपूर्वीपासून तेथील कुंभार हातानेच मडकी घडवत होते. इ.स. १२२ मध्ये रोमन ब्रिटनच्या उत्तर सीमेवर सम्राट हेड्रियनच्या संरक्षक भिंतीचे काम सुरू झाले, त्या सुमारास हीच मडकी जवळपास ५०० किलोमीटर उत्तरेकडील सैनिकांच्या चुलींपर्यंत पोहोचू लागली.

ओळखण्याची सुरुवात रंगापासून करू नये. ही भांडी उघड्या आव्यात भाजलेली असल्यामुळे एकाच मडक्यावर काळा, राखी आणि तपकिरी असे सगळे रंग आढळतात. शिवाय त्या काळातील इतर अनेक भांडीही काळी होती.

सर्वप्रथम तुकड्याची मोडलेली कड कोरड्या, मऊ ब्रशने साफ करून दहापट भिंगाखाली पाहावी. मातीत भरपूर वाळू कालवलेली असल्याने गारगोटीचे पांढुरके, पारदर्शक कण एकमेकांना खेटून बसलेले दिसतात. गाभोळी कापल्यावर जसे दाणे दिसतात, तशी ही मोड दिसते. एकदा नीट पाहिलेली ही मोड सहसा विसरली जात नाही, म्हणून या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. कड मळलेली आहे म्हणून नवी मोड काढण्याचा मोह मात्र टाळावा; ते काम संग्रहालयातील जाणकारांच्या परवानगीनेच व्हावे.

त्यानंतर आतल्या बाजूवरून बोट फिरवावे. चाकावर घडवलेल्या भांड्यात सलग, समांतर वळ्या जाणवतात, तर येथे पृष्ठभाग किंचित उंचसखल लागतो. बाहेरून खांदा आणि काठ गुळगुळीत घोटलेला असतो, मधला पट्टा मात्र घोटाईविना ठेवून त्यावर तिरकस रेघांची जाळी कोरलेली असते.

ही जाळी काळ सांगते, म्हणून ती मोजावी. काठ वर येईल असा तुकडा धरून दोन रेघांच्या छेदाच्या वरच्या बाजूचा कोन पाहावा. तो ९० अंशांहून कमी असेल, म्हणजे चौकटी उभट असतील, तर तुकडा बहुधा दुसऱ्या शतकातील असतो. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात कोन काटकोनाजवळ येतो आणि पुढे चौथ्या शतकापर्यंत चौकटी आडव्या पसरत जातात. काठाचा तुकडा हाती असल्यास निष्कर्ष अधिक पक्का होतो, कारण सुरुवातीच्या मडक्यांचा काठ आखूड असतो आणि पुढे तो बाहेरच्या बाजूला इतका फाकतो की पोटापेक्षाही रुंद होतो. या बदलांचा क्रम पुरातत्त्वज्ञ जॉन गिलम यांनी १९७६ मध्ये उत्तर ब्रिटनमधील भांड्यांवरून मांडला आणि अभ्यासक आजही त्याचा आधार घेतात, मात्र एकट्या तुकड्यावरून नेमके दशक ठरवू नये.

खरी गल्लत होते ती थेम्स नदीच्या मुखाजवळ, केंट आणि एसेक्समध्ये बनलेल्या भांड्यांशी. तीही काळपट असतात, त्यांवरही जाळी असते आणि तीही हेड्रियनच्या भिंतीपर्यंत गेली. ती चाकावर घडवलेली, बारीक वाळूची आणि स्पर्शाला रेशमासारखी मऊ असतात. अशा वेळी पुन्हा मोडीकडे आणि आतल्या बाजूकडे वळावे. नुसत्या जाळीवर भिस्त ठेवू नये.

शेवटी नोंद करावी: मोडीचे वर्णन, घडण, जाळीचा कोन, काठाचा व्यास आणि काजळी. काजळी घासून काढू नये, कारण मडके चुलीवर चढले होते याचा तोच प्रत्यक्ष पुरावा असतो. संरक्षित स्थळी खापर दिसल्यास ते उचलू नये. जागेची खूण करून, छायाचित्र घेऊन तेथील पुरातत्त्व अधिकाऱ्यांना कळवावे.