परदेशी भागीदार आधी, निधीचा अर्ज नंतर

संभाजीनगरजवळच्या वाळूज किंवा शेंद्र्यातले कारखाने परदेशी संशोधन निधीकडे वळतात ते बहुधा कॉलची, म्हणजे प्रकल्पांचे अर्ज मागवणारी, जाहिरात पाहून. तिथेच गणित चुकतं. कॉल निघाल्यावर हातात दोन-तीन महिनेच राहतात, आणि तेवढ्यात कोणी अनोळखी प्राध्यापक तुमच्यासाठी आपल्या विद्यापीठात सह्या गोळा करत फिरणार नाही. भागीदार शोधायला सहा-आठ महिने आधी लागा.

पहिलं काम एका पानाचं. उदाहरण डायकास्टिंगचं घ्या, म्हणजे वितळलेला धातू दाबाने पोलादी साच्यात, डायमध्ये, भरून भाग ओतणं. ‘आम्ही दर्जेदार डायकास्टिंग करतो’ या वाक्याला कोणी उत्तर देत नाही. अडचण मोजून लिहा: मिश्रधातू कोणता, डायचं पोलाद एच-१३ की दुसरं, किती शॉटनंतर (एक शॉट म्हणजे साचा एकदा भरणं) गेटजवळ, म्हणजे धातू साच्यात शिरतो तिथे, उष्णतेचे बारीक तडे दिसतात, तिथलं तापमान किती, डाय दुरुस्तीला काढली की मशीन किती तास बंद राहतं. मग काय हवं ते सांगा, उदाहरणार्थ साच्याच्या आकाराबरोबर वळणारे कूलिंग मार्ग असलेला थ्रीडी प्रिंटेड इन्सर्ट, म्हणजे डायमध्ये बसवायचा तुकडा. शेवटी तुम्ही काय देणार तेही लिहा: चालू मशीनवर चाचणी आणि शॉटवार नोंदी. प्रयोगशाळेकडे प्रिंटर असतो, सिम्युलेशन असतं. रोजच्या उत्पादनात झिजणारी डाय क्वचितच असते. म्हणून शॉटची नोंदवही आजपासून नीट ठेवा, तीच तुमची पुंजी आहे.

नावं शोधायला कॉर्डिस हा युरोपीय संघाचा खुला डेटाबेस उत्तम. विषय टाकला की झालेले प्रकल्प आणि त्यातले भागीदार दिसतात. शोधनिबंधांच्या शेवटचे आभारही वाचा. पैसा कोणत्या योजनेतून आला ते तिथे लिहिलेलं असतं. पत्र संचालकांना नको, त्या विषयाच्या गटप्रमुखाला लिहा. लेझर आणि धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगसाठी जर्मनीतल्या आखेनची फ्राउनहोफर आयएलटी ही संशोधन संस्था डोळ्यांसमोर ठेवा. चिकलठाण्यातली इंडो-जर्मन टूल रूम ही साचे आणि हत्यारं बनवणारी सरकारी संस्था घराजवळ आहे, डायची अडचण आधी तिथे दाखवून घ्या.

आपल्याकडच्या मध्यम कारखान्याला सगळ्यात सोयीची वाट म्हणजे २०१० मध्ये सुरू झालेल्या इंडो-जर्मन सायन्स अँड टेक्नॉलॉजी सेंटरची ‘२+२’ योजना. दोन्ही देशांतून एक-एक संशोधन संस्था आणि एक-एक उद्योग लागतो. चौथा गडी मिळाला नाही म्हणून तिघांची तयारी वाया जाऊ शकते, तेव्हा नांदेडची एसजीजीएस अभियांत्रिकी संस्था किंवा संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्याशी बोलणं आधीच उरका. प्रत्येक देश आपापल्या भागीदारांना पैसे देतो. उद्योगाला मात्र स्वतःचा वाटा घालावा लागतो, त्याची तरतूद ताळेबंदात दिसली पाहिजे.

होरायझन युरोप ही युरोपीय संघाची संशोधन निधी योजना मोठी आहे, पण साधारणपणे तीन वेगवेगळ्या सदस्य किंवा सहयोगी देशांतल्या तीन संस्था लागतात, त्यातली किमान एक सदस्य देशातली. आपण त्यांच्यावर चौथे. भारतीय भागीदाराला निधी आपोआप मिळत नाही, म्हणून कॉलमधली पात्रतेची ओळ भागीदाराबरोबर बसून वाचा.

कागदपत्रांत तीन ठिकाणी पाय अडकतो. परदेशातून थेट पैसे येणार असतील तर ट्रस्टच्या महाविद्यालयाला एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) लागू होतो का, ते सीएकडून लेखी घ्या. लागू झाला तर ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते. दुसरं, पाच अक्षांच्या काही मशीनचं तंत्रज्ञान निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंच्या स्कोमेट यादीत येतं, तेव्हा ड्रॉइंग ईमेलने पाठवण्याआधीही डीजीएफटीचा (परकीय व्यापार महासंचालनालयाचा) परवाना लागतो का ते पाहा.

तिसरं पेटंटचं, आणि हे सर्रास विसरतात. पेटंट कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे भारतात राहणाऱ्या संशोधकाने परदेशात थेट अर्ज करायचा नाही. एक तर इथे अर्ज करून सहा आठवडे थांबा, नाहीतर फॉर्म २५ भरून परवानगी घ्या. भागीदाराचा वकील घाईने त्यांच्या देशात अर्ज ठोकून मोकळा होतो आणि इथला हक्क धोक्यात येतो. म्हणून कोण कुठे आधी अर्ज करणार, ही ओळ करारात पहिल्या मसुद्यापासून घाला. प्रकल्पाआधी तुमच्याकडे असलेली डिझाइन कोणती, त्याची यादीही सही होण्यापूर्वीच जोडा.