तारलीच्या चरबीचा ग्राफ: सॅम्पल कसं घ्यायचं आणि आलेले आकडे कसे वाचायचे

डिसेंबरात सकाळी न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली उलटी करून बघा, आत पांढरंफट घट्ट झालेलं असतं आणि स्वयंपाकघरात शेंगदाण्याचं तेल मात्र आरामात ओतता येतं. दोन्ही तेलंच, मग एक गोठतं आणि एक नाही असं का, तर आतल्या फॅटी ॲसिडमुळे, म्हणजे तेल-चरबी ज्या कार्बनच्या साखळ्यांची बनते त्यांच्यामुळे. खोबरेलात जवळपास निम्मं लॉरिक ॲसिड असतं, बारा कार्बनची सरळ साखळी, एकही डबल बाँड नाही, त्यामुळे साखळ्या एकमेकींना चिकटून बसतात आणि पारा २४-२५ डिग्रीच्या खाली गेला की तेल थिजतं. कोकमतेल तर मे महिन्यातही गोळाच असतो, कारण त्यात निम्म्याहून जास्त स्टिॲरिक, म्हणून तर टाचेच्या भेगांत घालायच्या आधी आजी तो गोळा दिव्यावर धरायची. शेंगदाण्यात डबल बाँडवाली ॲसिडं जास्त, डबल बाँड आला की साखळीला बाक येतो, बाक आला की ती नीट रचून बसत नाही, म्हणून ते पातळ राहतं.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे दरवर्षी कुणीतरी ज्युनियर एमएस्सीच्या प्रोजेक्टला "अमुक माशाचं फॅटी ॲसिड प्रोफाइल" (त्याच्या चरबीत कुठलं ॲसिड किती) असा विषय घेतो आणि मार्चमध्ये मशीनचा ग्राफ घेऊन येतो की दादा आता यावर काय लिहू. बाबा रे, ते बंदरावर मासा घेतानाच ठरलेलं असतं. म्हणून यावेळी सुरुवातीपासून एकदाच लिहून टाकतोय.

आधी नावाची भानगड. १८:२ एन-६ असं लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, अठरा कार्बन, दोन डबल बाँड, आणि शेपटीकडून मोजत आलं तर पहिला डबल बाँड सहाव्या कार्बनवर. हे लिनोलेइक. १८:३ एन-३ म्हणजे अल्फा लिनोलेनिक, २०:५ एन-३ म्हणजे ईपीए, २२:६ एन-३ म्हणजे डीएचए. एन-३ ला बाजारात ओमेगा-३ म्हणतात, कॅप्सूलच्या डबीवर असतं तेच. यातलं लिनोलेइक आणि अल्फा लिनोलेनिक आपल्याला शरीरात शून्यातून बनवता येत नाही, माशालाही नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं. १९२९ साली बर (Burr) आडनावाच्या संशोधक नवराबायकोनी उंदरांना चरबी पूर्ण काढून टाकलेलं खाणं दिलं तर त्यांच्या कातडीला नि शेपटीला खवले धरले, तिथून हा सगळा "इसेन्शियल" प्रकार सुरू झाला. समुद्री माशांना तर १८:३ पासून ईपीए-डीएचए बनवणंही फारसं जमत नाही, ते त्यांना प्लँक्टनमधून, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांतून, आयतं मिळतं. म्हणजे माशाच्या चरबीत त्याने काय खाल्लं ते बऱ्यापैकी लिहिलेलं असतं, आणि या विषयात जी काही मजा आहे ती या एका गोष्टीत आहे.

आता सॅम्पल. मी पहिल्यांदा मालवणच्या बंदरावर गेलो तेव्हा एका मावशीकडून तीस तारले मोजून घेतले, प्रत्येक वेगळ्या पिशवीत, वर नंबर. मावशी बघत राहिली, म्हणाली, "अरे झिला, खावक नको तर मासो कित्याक व्हयो तुका?" मी काहीतरी सांगितलं, तिला पटलं नाही, पण तिनेच पुढं सांगितलं की आता घेतंस तो पावसानंतरचो, तव्यावर तेल घालूक नको, दोन महिन्यांपूर्वी घेतलो असतंस तर सुको. माझ्या अख्ख्या थिसिसची प्रस्तावना एका वाक्यात. पावसाळ्यात खालचं खतावलेलं पाणी वर येतं, डायटमची, म्हणजे एकपेशीय शैवालाची, भरती येते, अंडी सोडून रिकामी झालेली तारली त्यावर ताव मारते आणि पावसानंतर चरबीने फुगते. त्यामुळे "तारलीत इतके टक्के ओमेगा-३" असं वाक्य महिना न लिहिता लिहिलंत तर त्याला काही अर्थ नाही.

म्हणून वहीत हे लिहायचंच: तारीख, बंदर, होडी कुठल्या पट्ट्यात गेली होती (विचारा, सांगतात), जाळं कुठलं (रापण की गिलनेट की पर्ससीन), लांबी, वजन, नर का मादी, गाबोळी होती का. १ जून ते ३१ जुलै बंदी असते तेव्हा यांत्रिक होड्यांची मासळी मिळणार नाही, वर्षभराचं प्रोजेक्ट असेल तर ही फट आधीच धरून चाला, बर्फातला परराज्यातला मासा आणून ती भरू नका. आणि मासा बर्फात हवा, पहिल्या मिनिटापासून. थर्माकोलचा डबा घरून न्या.

घरी किंवा लॅबमध्ये आलात की त्याच दिवशी कापा. पाठीचं मांस, पोटाची पट्टी, लिव्हर, तिन्ही वेगळं, कारण पोटाकडे चरबी साठते नि पाठीकडे कमी, दोन्ही मिक्सरला लावलंत तर कुठलाच आकडा खरा नाही. काचेच्या बाटल्या, टेफ्लॉनचं झाकण. प्लॅस्टिकच्या ट्यूबमध्ये क्लोरोफॉर्म ओतू नका, प्लॅस्टिकमधले थॅलेट सुटतात आणि ग्राफवर अशी सुंदर पीक (टोकं) येतात की तुम्ही त्याला नवीन फॅटी ॲसिड समजून बसाल, मी बसलो होतो. साठवायचं उणे ८० ला. उणे २० च्या साध्या डीप फ्रीझरमध्ये थोडे दिवस चालतं पण तिथं मासा दगड झाला तरी आतली लायपेज एन्झाइम हळूहळू कामाला असतातच, चरबी तुटून मोकळी फॅटी ॲसिडं होत राहतात. आणि लाईट. आमच्याकडे ऑगस्टात दीड दिवस लाईट गेली होती आणि कुणी फ्रीझर उघडून बघितलाच नाही, चाळीस सॅम्पल वास मारायला लागली. डबल बाँड जितके जास्त तितकी हवेने लवकर खराब होतात, म्हणजे सगळ्यात आधी डीएचए आणि ईपीएच जाणार, नेमकं जे मोजायला निघालोय तेच. म्हणून बाटलीत नायट्रोजन फुंकून झाकण लावा आणि सॉल्व्हंटमध्ये चिमूटभर बीएचटी (हवेने खराब होणं रोखणारं रसायन) टाका.

चरबी काढायच्या दोन जुन्या पद्धती आहेत. एक १९५७ ची फोल्च, क्लोरोफॉर्म दोन भाग मिथेनॉल एक भाग, मांसाच्या वीसपट. दुसरी १९५९ ची ब्लाय आणि डायर, ही कॅनडात हॅलिफॅक्सला कॉड माशावर बसवलेली, सॉल्व्हंट कमी लागतं म्हणून सगळे हीच करतात. पण कॉडच्या मांसात चरबी एक टक्कासुद्धा नसते, आणि तुमची ऑक्टोबरची तारली म्हणजे तेलाचा घाणा. साधारण दोन टक्क्यांच्या वर चरबी गेली की ब्लाय-डायर कमी आकडा देते, हे २००१ मध्ये तपासून दाखवलंय. तर बोंबील असेल तर ब्लाय-डायर ठीक, तारली-बांगड्याला फोल्च. फ्युम हूडखाली करा, हे सांगायची गरज नसावी पण असते, आणि उरलेलं क्लोरोफॉर्म बेसिनमध्ये ओतू नका, पलीकडे कुणाची तरी विहीर आहे.

मग मिथाइल एस्टर बनवायचे, कारण फॅटी ॲसिड जसंच्या तसं गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये (वाफ करून ॲसिडं वेगळी करणारं नि ग्राफ देणारं मशीन) नीट उडत नाही. मला साधी पद्धत आवडते, मिथेनॉलमध्ये १ टक्का सल्फ्युरिक ॲसिड, ५० डिग्रीला रात्रभर, सकाळी हेक्सेनमध्ये काढून घ्या. घाईवाले केओएचची (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) पाच मिनिटांची पद्धत करतात, ताज्या तेलाला चालते, पण तिच्यात मोकळी फॅटी ॲसिडं एस्टर होत नाहीत, आणि तुमचा मासा फ्रीझरमध्ये जरा जास्त राहिला असेल तर तीच ॲसिडं वाढलेली असतात, म्हणजे तोटा दुप्पट. सुरुवातीलाच मोजून इंटर्नल स्टँडर्ड टाका, म्हणजे माशात नसलेलं एक ॲसिड, वजन माहीत असलेलं, ज्याच्याशी बाकीची तोलता येतात. बरेच जण १७:० टाकतात, ते माशात आणि चिखलात मुळातच थोडं असतं, त्यापेक्षा १९:० किंवा २३:० घ्या.

मशीनवर लांब पोलर कॉलम (ज्या नळीतून जाताना एस्टर वेगळे होतात ती), शक्यतो १०० मीटरचा, आणि ओळख पटवायला ३७ एस्टरचं तयार मिश्रण. त्यात १८:४ एन-३ आणि २२:५ एन-३ नसतात, माशात मात्र असतात, म्हणून मेनहेडन माशाच्या तेलाचं स्टँडर्डही सोबत चालवा, नाहीतर "अननोन" च्या रांगेत महत्त्वाचीच माणसं उभी राहतात.

ग्राफ आला. आता इथं सगळे घसरतात. मशीन टक्के देतं, एकूण फॅटी ॲसिडपैकी इतके टक्के. समजा एका माशात ईपीए १५ टक्के आणि दुसऱ्यात ८ टक्के, लगेच लिहिणार पहिला मासा पौष्टिक. पण पहिल्यात चरबी १ टक्का आणि दुसऱ्यात १० टक्के असेल तर १०० ग्रॅम मांसामागे पहिल्यात जेमतेम ०.१५ ग्रॅम ईपीए आणि दुसऱ्यात ०.८ च्या आसपास (नेमकं थोडं कमीच, कारण चरबीचं सगळं वजन फॅटी ॲसिडचं नसतं). खायच्या हिशोबाला मिलिग्रॅम लागतात, इंटर्नल स्टँडर्ड त्यासाठीच टाकलं होतं. शिवाय टक्क्यांची बेरीज १०० च असल्यामुळे एक वाढलं की बाकीचे नुसते हिशोबाने खाली येतात, त्यावर सरळ कोरिलेशन काढू नका, आधी लॉग रेशो (दोन टक्क्यांच्या गुणोत्तराचा लॉग) करा मग पीसीए (बरेच आकडे दोन-तीन अक्षांवर आणायची संख्याशास्त्राची पद्धत).

खाण्याचा माग काढायचा असेल तर मात्र टक्के आणि गुणोत्तरं कामाची. १६:१ एन-७ आणि २०:५ एन-३ दोन्ही वर असतील तर अन्नसाखळीच्या तळाशी डायटम आहेत. २२:६ आणि १८:४ वर असेल तर डायनोफ्लॅजलेट, म्हणजे प्लँक्टनमधलाच दुसरा एकपेशीय गट. १५ आणि १७ कार्बनवाली विषम किंवा फांदीवाली ॲसिडं दिसली की बॅक्टेरिया, म्हणजे चिखलातलं खाणं. खाडीतल्या जिवात १८:२ एन-६ आणि १८:३ एन-३ जास्त दिसली तर कांदळवनाचा पाला कुठूनतरी पोटात गेलाय अशी शंका घ्यायला जागा आहे, पण एका मार्करवर निकाल देऊ नका. आणि हे बघायला साठ्याची चरबी घ्या, फॉस्फोलिपिड नको, ती पेशीच्या आवरणातली चरबी, आणि ते आवरण मासा आपल्या मर्जीने ठेवतो, काहीही खाल्लं तरी तिथं डीएचए राखून असतो. सिलिका कॉलमवर दोन्ही वेगळी करता येतात, अर्ध्या दिवसाचं काम.

याच युक्तीने खाडीतली सुंगटं (कोळंबी) आणि तलावात पाळलेली व्हेनामी कोळंबी वेगळी ओळखता येतात, तलावातल्या खाद्यात सोयाबीन असतं त्यामुळे लिनोलेइक फुगलेलं दिसतं. बाजारात "खाडीची, खाडीची" ओरडणाऱ्यावर कधीतरी करून बघायचंय मला हे.

मासे सोडूनही बरंच आहे. कांदळवनातला चिखल घेऊन त्यातली फॉस्फोलिपिड काढली तर जिवंत सूक्ष्मजीव किती नि कुठल्या प्रकारचे याचा अंदाज येतो, कारण पेशी मेली की फॉस्फोलिपिड लवकर तुटतात. तिथं १८:२ एन-६ बुरशीची खूण धरतात, पण मुळांतही तेच असतं म्हणून मुळं आधी वेचून टाका. आणि मिथेन बनवणारे आर्किया (बॅक्टेरियांहून वेगळे एकपेशीय जीव) यात दिसणारच नाहीत, त्यांच्या आवरणात अशी फॅटी ॲसिडं नसतातच, वेगळीच इथरवाली रचना. बॅक्टेरिया थंडीत वाढवले की आवरणात बाकवाली ॲसिडं वाढवतात, पातळपणा टिकवायला, ई. कोलायवर हे १९७४ मध्ये दाखवलं गेलं, आणि न्हाणीघरातल्या बाटलीची गोष्ट तीच आहे, फक्त बाटली स्वतःला बदलू शकत नाही. तुपात भेसळ बघायची तर ब्युटिरिक ॲसिड बघतात, चार कार्बनचं, गाईम्हशीच्या दुधाच्या चरबीत ३-४ टक्के असतं, पाम तेलात किंवा डालड्यात नसतं. उत्खननातल्या खापरांत मुरलेली चरबी काढून मडक्यात मांस शिजायचं की दूध हेसुद्धा शोधतात, हरियाणा-उत्तर प्रदेशातल्या सिंधू संस्कृतीच्या मडक्यांवर तसं काम २०२० मध्ये आलं, अर्थात इतक्या वर्षांनी बाकवाली सगळी उडून गेलेली, उरतात ती पामिटिक आणि स्टिॲरिक.

कॉलेजात गॅस क्रोमॅटोग्राफ नसेल (बहुतेक नसतो) तर विषय सोडू नका. आयोडिन व्हॅल्यू विज (Wijs) पद्धतीने ब्युरेटवर निघते, एकूण डबल बाँड किती ते कळतं. खोबरेल साधारण ६ ते ११, सूर्यफूल १०० च्या पुढं. खोबरेल, काजू, कोकम, उंडी अशी आपल्याच आवारातली चार तेलं रांगेत लावा, छान छोटं प्रोजेक्ट होतं. उंडीचं तेल पूर्वी दिव्यात जळायचं, आता त्याचं बायोडिझेल करायचं चाललंय, आणि तिथंही प्रश्न हाच की बाक जास्त असले तर इंधन साठवणीत लवकर खराब होतं.

बाहेरच्या लॅबला पाठवायचं असेल तर ओला मासा कुरिअर करू नका, घाटात बर्फ वितळतो. इथंच एस्टर बनवा, काळ्या काचेच्या वायलमध्ये हेक्सेनसकट भरा, वर पेन्सिलने नंबर टाका कारण मार्करची शाई हेक्सेनने पुसते, आणि प्रत्येकाची जोडवायल स्वतःच्या फ्रीझरमध्ये ठेवा. पाठवायच्या आधी लॅबला फोन करून विचारा की १९:० टाकलंय ते हिशोबात घेणार का, नाहीतर नुसते टक्के येतील आणि परत मला मेसेज कराल.