फायनल हरल्यावर घरी कसं जायचं

शिट्टी वाजली की लगेच गाडीला किक मारू नका. आपली पोरं चिखलात बसलेली असतात आणि मैदानाची रिकामी होत जाणारी कडा त्यांना दिसते. मी बेळगावातल्या अनगोळचा. कॉलेज सुटून १९ वर्षं झाली, पण कॉलेजची फुटबॉल मॅच चुकवत नाही. ढोल माझ्याकडंच असतो. गेल्या पावसाळ्यात कॅम्पातल्या मैदानावर आम्ही फायनल पेनल्टीवर हरलो. पाचवी पेनल्टी बारवरनं गेली. पोरं उठून आत जाईपर्यंत मी ढोल वाजवत राहिलो, कारण हात थांबला असता तर मला रडू आवरलं नसतं. पोरं कपडे बदलून बाहेर येईस्तोवर थांबा. नावानं हाक मारा, पाठीवर हात ठेवा. बोलायची गरज नसते.

फोन बंद करून खिशात टाका. जिंकलेल्या कॉलेजात आपलाच मावसभाऊ असतो, त्याचं स्टेटस उद्या बघा.

मग चालत निघा, एकटे नको. गोगटे सर्कल, काँग्रेस रोड, रेल्वेचं पहिलं गेट, दुसरं गेट. बुरबुर पाऊस असला तरी चाला. आणि चालताना मॅच सांगा, पण पहिल्या मिनिटापासून. आपण हरलेली मॅच शेवटच्या किकपासून उलटी सांगतो आणि सगळं ओझं एका पोराच्या डोक्यावर टाकतो. १९९४ च्या वर्ल्ड कप फायनलमधला इटलीचा रॉबर्टो बॅजिओ सगळ्यांना आठवतो, बॉल बारवरनं गेला आणि तो मान खाली घालून उभा राहिला. पण त्याच्या आधी त्याच्याच टीमच्या बारेझीनंही बारवरनंच मारली होती, मासारोची ब्राझीलचा गोलकीपर ताफारेलनं अडवली होती. बॅजिओचा गोल झाला असता तरी ब्राझीलची पाचवी पेनल्टी शिल्लक होती. आणि इटलीला फायनलपर्यंत आणलं कुणी? नायजेरियाला दोन, स्पेनला एक, बल्गेरियाला दोन, असे बाद फेरीतले पाच गोल त्याचेच. आमच्याही मॅचमध्ये तिसरी पेनल्टी अडली होती, हाफ टाइमच्या आधी रिकाम्या गोलासमोरनं बॉल बाहेर गेला होता. पहिल्यापासून सांगत गेलो तेव्हा दुसऱ्या गेटजवळ हे आठवलं, आणि छातीवरचा दगड थोडा हलला.

एक गोष्ट मात्र तिथल्या तिथं थांबवायची. पाचवी पेनल्टी मारणारा पोरगा बैलहोंगलकडचा, कन्नड बोलणारा. आमच्यातला एक जण म्हणाला, "त्यांचाच पोरगा ना तो!" सेमीफायनलला त्याच पोराच्या गोलावर हाच माणूस "आपला वाघ, आपला वाघ" म्हणत नाचला होता. मी त्याला भर रस्त्यात थांबवलं आणि हे तोंडावर सांगितलं. आपल्या बेळगावात हा शब्द एका रात्रीत टीम फोडतो. जिंकताना जो आपला, तो हरतानाही आपलाच. गप्प बसू नका, मित्र असला तरी.

जिंकणार म्हणून आधीच आणलेला कुंदा घरी नेऊ नका, तो घशाखाली उतरत नाही. आमचा अर्धा किलोचा डबा होता. तो घेऊन आम्ही चौघं त्या पोराच्या रूमवर गेलो. दार उघडल्या उघडल्या म्हणाला, "अण्णा, सॉरी."

"आधी खा," मी म्हटलं.

एकच चमचा होता, तो फिरवला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तोच म्हणाला, "तिसऱ्या मिनिटाला आपला कॉर्नर होता ना, तिथं मी उशिरा उडी मारली." त्यानंतर साडेअकरापर्यंत पूर्ण मॅच त्यानंच सांगितली, अर्धी मराठीत, अर्धी कन्नडात.

सोमवारी सकाळी साडेसहाला प्रॅक्टिस असते. ढोल घरी ठेवा आणि गोलमागं जाऊन उभे राहा. पेनल्टी मारणाऱ्याला बॉल परत आणून द्यायला माणूस लागतो.