मृगाच्या सरींआधी खुराड्याचा तळ तपासा

मुंबईत मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे 11 जूनच्या सुमारास दाखल होतो. आरे वसाहतीतील पाडे, गोराई-मनोरीची गावे आणि मढच्या किनाऱ्यावरील वस्त्या येथे परसात गावठी कोंबड्या मोकळ्या सोडून पाळणाऱ्यांचे सर्वाधिक नुकसान त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांतच होते, असे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. हे नुकसान बहुतेक वेळा बिबट्याच्या नावावर घातले जाते. प्रत्यक्षात अशा घटनेनंतर सकाळी ज्या खुराड्यांपाशी मी गेलो, त्यांतील बहुतेक ठिकाणी भिंत शाबूत होती, कडी लावलेली होती, छप्पर जागेवर होते, आणि तळाशी मात्र माती वाहून गेल्याने चार बोटांची फट पडलेली होती.

उन्हाळाभर टणक राहिलेली मुरमाड माती पहिल्या जोरदार सरींनी मऊ होते आणि वळचणीचे पाणी नेमके खुराड्याच्या पायाशी पडून तेथे चर पाडते. त्याच काळात बिळांत पाणी शिरल्यामुळे घुशी, उंदीर आणि त्यांच्या मागावरील साप कोरडी जागा शोधत घरांकडे सरकतात. खुराड्यात त्यांना कोरडी जागाही मिळते आणि सांडलेला दाणाही मिळतो. मुंगसाला मूठभर फट पुरते. घूस तर फटीची वाटही पाहत नाही, ती रात्रीतून बीळ पाडून पिल्ले ओढून नेते आणि पुढे त्याच बिळातून नाग आत येतो. अंधारात कोंबडीला जवळजवळ दिसत नसल्याने ती जागची हलत नाही, आणि म्हणून एका फटीमुळे सगळा थवा एका रात्रीत संपू शकतो.

विक्रेते ‘कोंबडी जाळी’ म्हणून षटकोनी घरांची जी पातळ तारेची जाळी देतात, ती कोंबडी आत ठेवण्यापुरतीच आहे. कुत्रा ती दातांनी फाडतो आणि लहान साप तिच्या घरांतून आरपार जातो. तळासाठी अर्धा इंच घरांची वेल्डेड जाळीच घ्यावी. ती भिंतीला खालून एक फूट उंचीपर्यंत घट्ट ठोकावी, तेथून काटकोनात बाहेर वळवून जमिनीवर दीड फूट पसरावी, आणि तिच्यावर वीतभर माती व डबर टाकून धुम्मसाने दाबावे. उकरणारा प्राणी भिंतीच्या पायथ्याशीच उकरायला लागतो आणि जाळी लागली की बहुधा सोडून देतो. एवढी जाळी परवडत नसेल तर आत डबर भरून सिमेंटचा कोबा करावा, किंवा खुराडे जमिनीपासून दोन फूट उंच खांबांवर घ्यावे. मनोरी-गोराईकडे खाऱ्या हवेने जाळी सर्वांत आधी तळालाच गंजते, म्हणून तेथे दर पावसाळ्यापूर्वी ती अंगठ्याने दाबून पाहावी. तार चुरली तर तेवढा पट्टा बदलावा.

कोळीवाड्यांत जुनी मासेमारीची जाळी अंगणावर ताणतात, हा घारी व कावळ्यांपासून पिल्ले वाचवण्याचा उत्तम आणि बिनखर्चाचा उपाय आहे. तीच जाळी जमिनीलगत मात्र लावू नये, कारण तिच्यात साप अडकून मरतात आणि कोंबड्यांचे पायही गुंततात.

नुकसान झालेच, तर दुसरे काहीही विकत घेण्यापूर्वी खुणा वाचाव्यात. माना व डोकी चावलेल्या अनेक कोंबड्या जागेवरच पडलेल्या असतील आणि घटना दिवसाउजेडी घडली असेल, तर मुंगसाचा संशय घ्यावा. रात्री छपराच्या फटीतून आलेले असेल, तर उदमांजराचा. पिसे अंगणभर विखुरली असतील आणि कोंबड्या न खाता टाकलेल्या असतील, तर ते कुत्र्यांचे काम असते. कांदळवनालगतच्या वस्त्यांत कोल्हाही येतो. झटापटीची खूण न राहता पिल्ले कमी होत असतील, तर रात्री साप आणि दिवसा घार यांचा विचार करावा. खुराड्याभोवती संध्याकाळी चाळलेली राख पसरली की सकाळी पावले स्पष्ट दिसतात. पाऊस असेल तेव्हा ही राख वळचणीखालीच टिकते, पण फट शोधण्याची जागाही तीच आहे.

माझा एक अनुभव शास्त्राच्या आधाराशिवाय नोंदवतो. रोज मुकाट्याने आत जाणाऱ्या कोंबड्या एखाद्या संध्याकाळी खुराड्यात शिरेनात आणि आंब्यावर किंवा कौलांवर बसू लागल्या, तर आदल्या रात्री आत काहीतरी येऊन गेलेले असते. पिसवा झाल्या तरी त्या असेच करतात, म्हणून पिसवा पाहाव्यातच. मात्र त्याआधी तळ पाहावा.

कर्णातीत आवाजाची यंत्रे, लुकलुकणारे सौर दिवे आणि साप पळवणाऱ्या भुकट्या यांवर पैसे घालवू नयेत. मी पाहिलेल्या एका पाड्यावर असे यंत्र लावल्यानंतर महिन्याभरातच मुंगूस त्याच्या शेजारून आत गेले होते, कारण खालची फट तशीच होती. विष तर कदापि ठेवू नये: विष खाल्लेले उंदीर खाऊन घुबडे आणि घरची मांजरेही मरतात. शिवाय बिबट्या, मुंगूस, घोरपड आणि अजगर यांना 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचे संरक्षण असल्याने त्यांना मारणे किंवा पकडणे गुन्हा आहे. खुराड्यात साप वा अन्य वन्यप्राणी अडकल्यास वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.

नेहमीची कामे:
- मानमोडी (राणीखेत) रोगाची लस: पिल्लाच्या पाचव्या ते सातव्या दिवशी ‘लासोटा’ ही लस, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब.
- आठव्या आठवड्यात मानमोडीचीच ‘आर-टू-बी’ ही लस, अर्धा मिलि, पंखाखाली कातडीत.
- देवीची लस सहा ते आठ आठवड्यांत.
- पावसाळ्यापूर्वी जंतनाशक, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने.
- तूस किंवा भुसा दोन-तीन इंच, ओला झाल्यास लगेच बदलणे.
- उरलेला दाणा रात्री उचलणे.
- मेलेली कोंबडी व आतडी उघड्यावर न टाकता खोल पुरणे. त्यांवर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

जून-जुलैत सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळत असला, तरी ढगाळ दिवशी साडेसहापासूनच अंधारून येते, म्हणून घड्याळ न पाहता उजेड पाहून कोंबड्या मोजून झाकाव्यात. पिल्ले सहा आठवड्यांची होईपर्यंत मोकळी सोडू नयेत. पहिला मोठा पाऊस रात्री पडला, तर सकाळी कोंबड्या सोडण्यापूर्वी खुराड्याभोवती एक फेरी मारावी, पायाशी जेथे जेथे पाण्याने माती नेली असेल तेथे काठी खुपसून पाहावी, आणि काठी आत गेली तर त्याच दिवशी, संध्याकाळ होण्याआधी, तेथे डबर ठासावे.