यज्ञ सातकर्णीपासून सुरुवात करताना

प्राचीन नाणी आणि शिलालेख शिकायला घेणारे बहुतेक जण अशोक नाहीतर गौतमीपुत्र सातकर्णी निवडतात. त्यांच्यावर इतकं लिहून ठेवलंय की लेख वाचायच्या आधीच उत्तर ठाऊक असतं आणि डोळा आळशी होतो. सातवाहनांचा शेवटचा मोठा सम्राट यज्ञ सातकर्णी हा सरावाला जास्त चांगला. पुराणांच्या राजावळीत त्याचं नाव आणि वर्षं येतात, एवढंच. बाकी सगळं मूठभर लेखांतून आणि नाण्यांतून जुळवावं लागतं.

पहिले दोन महिने फक्त ब्राह्मी. त्यातही अशोकाची नव्हे, थेट इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली. अशोकाचे तक्ते पाठ करून लेण्यात गेलेला माणूस हमखास अडखळतो, कारण मधल्या चारशे वर्षांत अक्षरांना डोकी आली आणि वळणं बदलली. त आणि न, तसंच व आणि च, ही जोडकी सगळ्यात जास्त फसवतात. भाषा प्राकृत. जोडाक्षरं सहसा सुटी किंवा एकेरी होतात (पुत्र नव्हे, पुत). संस्कृत येणाऱ्यांचा हात लिहिताना आपोआप ‘पुत्रस्य’कडे वळतो. तो आवरा. जे कोरलंय तेच उतरवायचं.

पहिला पाठ म्हणून नाशिकच्या पांडवलेण्यातलं 20 क्रमांकाचं लेणं घ्या. लेख छोटा आहे, पण त्यात जवळजवळ सगळं येतं. सुरुवात अशी: ‘रञो गोतमिपुतस सामिसिरियञसातकणिस संवछरे सातमे’, म्हणजे राजा गौतमीपुत्र स्वामी श्री यज्ञ सातकर्णीच्या सातव्या वर्षी. पुढे हेमंताचा तिसरा पक्ष, पहिला दिवस. मग मजकूर: बोपकी नावाच्या यतीने सुरू केलेलं लेणं बरीच वर्षं अर्धवट पडलं होतं, ते महासेनापती भवगोपाची पत्नी वासू हिने पुरं करून भिक्षुसंघाला दिलं. दान राजाचं नाही, हे लक्षात घ्या. राजाचं नाव तारखेपुरतं आलंय. नवखे लोक इथेच ‘यज्ञ सातकर्णीने लेणं खोदवलं’ असं लिहून मोकळे होतात.

तारीख कशी वाचायची? वर्षाचे तीन ऋतू: गिम्ह (उन्हाळा), वास (पावसाळा), हेमंत. प्रत्येकाचे आठ पक्ष. त्यामुळे पक्षाचा आकडा आठच्या वर दिसला तर तुमचं वाचन चुकलंय. अंक स्थानमूल्याचे नाहीत. कान्हेरीच्या लेखातलं 16वं वर्ष दहाचं चिन्ह आणि सहाचं चिन्ह असं शेजारी शेजारी येतं. आंध्र किनाऱ्यावरच्या चिन्न गंजाम इथल्या लेखातलं 27 तसंच, वीस आणि सात.

हे 27 फार मोलाचं. मत्स्यपुराण यज्ञ सातकर्णीला 29 वर्षं देतं. पुराणांच्या पोथ्यांत आकडे बदलत जातात, म्हणून नुसत्या 29 वर कोणी पैज लावणार नाही. पण लेख 27पर्यंत आणून सोडतो, तेव्हा 29 शक्य कोटीत बसतं. मात्र ही सगळी राज्यवर्षं आहेत, कुठल्याही शकाची नव्हेत. इसवी सनात त्यांचं रूपांतर थेट होत नाही, म्हणूनच वेगवेगळ्या अभ्यासकांच्या तारखांत वीसेक वर्षांचा फरक दिसतो. टिपणात ‘दुसऱ्या शतकाचा उत्तरार्ध’ एवढंच लिहिलं तरी चालतं. नेमकं साल लिहायचंच असेल तर कोणत्या मांडणीनुसार, तेही लिहा.

नाण्यांत खरी मेहनत आहे. साचा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच येतो. एकावर ‘…तमिपुत…’, दुसऱ्यावर ‘…यञ सा…’. यावर उपाय एकच: घड्याळाच्या काट्यांप्रमाणे जागा ठरवून प्रत्येक नाण्यावर दिसणारी अक्षरं त्या त्या जागी मांडायची आणि दहा-बारा नाण्यांवरून ओळ पुरी करायची. वहीत चौकटी कंसातलं अक्षर म्हणजे अंदाज, बिनकंसाचं म्हणजे दिसलेलं. हा नियम मोडला की सहा महिन्यांनी आपलीच वही आपल्याला फसवते.

सर्वांत महागात पडणारी चूक ‘गोतमिपुतस’वर उडी मारण्याची. हे आईच्या गोत्रावरून आलेलं नाव आहे. गौतमीपुत्र सातकर्णी, गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णी, गौतमीपुत्र विजय सातकर्णी, सगळेच गौतमीपुत्र. ‘सातकणि’ही तिघांत समान. म्हणजे निर्णय होतो तो मधल्या ‘यञ’ या दोन अक्षरांवर, आणि नेमकी तीच झिजलेली किंवा चकतीबाहेर गेलेली असतात. नसतील तर नाणं ‘गौतमीपुत्र, पुढील नाव अवाच्य’ म्हणून नोंदवायचं. वाईट वाटतं, पण इलाज नाही.

चांदीची नाणी दुर्मिळ. वजन साधारण 2 ग्रॅम, क्षत्रपांच्या (पश्चिम भारतातल्या शक राजांच्या) नाण्यांच्या मापाचं. पुढे राजाचा चेहरा आणि प्राकृत मजकूर, मागे उज्जैन चिन्ह (टोकांना वर्तुळं असलेली फुली), चैत्य (कमानींची टेकडी) आणि द्राविडी वळणाचा मजकूर. त्यात सिरिचं ‘हिरु’ होतं आणि सातकणिचं ‘हातकणि’. माहिती नसेल तर माणूस स ठरवून वाचतो आणि अक्षर जुळेना म्हणून साच्यालाच दोष देतो. विदर्भात पोटीन, म्हणजे तांब्यात कथील-शिसं मिसळलेला धातू. हत्ती एका बाजूला, उज्जैन चिन्ह दुसऱ्या. 1939 साली मिळालेला तऱ्हाळ्याचा साठा, सुमारे 1600 नाण्यांचा, असाच पोटीनचा होता आणि त्यात यज्ञाच्या नाण्यांबरोबर आधीच्या-नंतरच्या राजांचीही नाणी होती.

शिशाची नाणी हाताळताना हातमोजे. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांचा विचारही नको. आम्ल शिसं खातं आणि वरची पांढरी भुकटी विषारी असते. लाकडी कपाटातही ती ठेवू नयेत, लाकडातून सुटणारी आम्लाची वाफ त्यांना पोखरते. स्वच्छता संग्रहालयातल्या रसायनतज्ज्ञाने करायची. आपण 0.01 ग्रॅमपर्यंत वजन, व्यास, दोन्ही बाजूंचा एकमेकांशी कोन आणि तिरक्या उजेडातले फोटो, प्रत्येक बाजूचे किमान तीन, उजेडाची दिशा फिरवून. लेण्यातल्या लेखालाही हाच तिरका उजेड. अक्षरांत खडू भरणं बंद करा. शाईचा ठसा घ्यायचा तर पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते.

रीतसर शिकायचं तर पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि नाशिकजवळ अंजनेरीची नाणकशास्त्र संशोधन संस्था ही पहिली दोन दारं. पुरालेखाकडे नोकरी म्हणून बघत असाल तर पुरातत्त्व खात्याची संस्कृत-द्राविडी लेखांची शाखा मैसूरला आहे, आणि तिथे ब्राह्मीइतकीच भाषेची तयारी पाहिली जाते. शेतात नाणी सापडल्याचं कोणी सांगितलं तर विकत घेऊ नका. 1878च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावाच लागतो.

पुढची पायरी म्हणून दोन डोलकाठ्यांच्या जहाजाची शिशाची नाणी घ्या. ती सर्रास यज्ञ सातकर्णीच्या नावावर दाखवली जातात. पण मजकूर वाचता येतो अशा अनेक नाण्यांवर पुळुमावी या दुसऱ्या सातवाहन राजाचं नाव आहे. फोटोखालची ओळ झाकून आधी अक्षरं उतरवा आणि मग ती ओळ बघा.