पूर्व आशियातील सागरी वादांमध्ये अमेरिकेची भूमिका कशी अभ्यासावी

जपान व चीन यांच्यात वाद असलेली सेनकाकू, जपान व दक्षिण कोरिया यांच्यात वाद असलेले दोक्दो किंवा अनेक देश हक्क सांगतात ती दक्षिण चीन समुद्रातील स्प्रॅटली या बेटांविषयी वाचताना अमेरिका आज कोणाच्या बाजूने आहे, हा प्रश्न प्रथम मनात येतो; परंतु अभ्यासाची सुरुवात ८ सप्टेंबर १९५१ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे जपानशी झालेल्या शांतता करारापासून करावी, कारण त्याचा मसुदा प्रामुख्याने अमेरिकेने घडवला होता.

कराराचे दुसरे कलम समोर ठेवावे आणि प्रत्येक पोटकलमाला दोन प्रश्न विचारावेत: जपानने कोणता प्रदेश सोडला, आणि तो कोणाला दिला? स्प्रॅटली व त्याच समुद्रातील पॅरासेल बेटांवरील सर्व हक्क जपानने सोडल्याचे तेथे स्पष्ट लिहिले आहे; ती बेटे कोणाची झाली, याविषयी मात्र अवाक्षर नाही. माझ्या मते अमेरिकेच्या भूमिकेचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा या मौनातच आहे. ते समजून घेण्यासाठी आधीचे मसुदे तारखेनुसार लावून पाहावेत. १९४७ च्या मसुद्यात दोक्दो कोरियाकडे होते, डिसेंबर १९४९ च्या मसुद्यात ते जपानकडे गेले आणि अंतिम करारात त्याचे नावच उरले नाही. दोक्दो कोरियाचा भाग मानले गेल्याची आपल्याकडे माहिती नाही, असे अमेरिकेने १० ऑगस्ट १९५१ च्या पत्राद्वारे कोरियाच्या राजदूतास कळवले होते. जपानी बाजू या पत्राला फार महत्त्व देते. परंतु त्यातून एका सरकारचे मत कळते, सह्या करणाऱ्या सर्व राष्ट्रांची संमती नव्हे, हे भान ठेवावे.

यानंतर ‘सार्वभौमत्व’ आणि ‘प्रशासन’ हे शब्द जेथे जेथे येतील तेथे अधोरेखित करावेत. सेनकाकूंचा प्रश्न या भेदाशिवाय उलगडतच नाही. अमेरिका व जपान यांच्यातील १९७१ च्या ओकिनावा करारानुसार या बेटांचे प्रशासकीय अधिकार १५ मे १९७२ रोजी अमेरिकेकडून जपानकडे परतले, पण मूळ मालकीविषयी अमेरिकेने पक्ष घेतला नाही. मात्र याच दोन देशांतील १९६० च्या सुरक्षा कराराचे, सशस्त्र हल्ल्याविरुद्ध संरक्षणाविषयीचे पाचवे कलम जपानच्या प्रशासनाखालील प्रदेशांना लागू होते. त्यामुळे मालकीबाबत तटस्थ राहूनही संरक्षणाची बांधिलकी अमेरिकेवर येते.

दक्षिण चीन समुद्रासाठी शब्दांबरोबर कृतीचीही नोंद ठेवावी. जानेवारी १९७४ मध्ये चीनने दक्षिण व्हिएतनामकडून पॅरासेल बेटांचा पश्चिम भाग घेतला, तेव्हा मित्रराष्ट्र असूनही अमेरिका लढाईत उतरली नाही. जुलै २०२० च्या निवेदनात तिने चीनचे बहुतांश सागरी दावे बेकायदेशीर ठरवले, पण बेटांच्या मालकीविषयी तेव्हाही निर्णय दिला नाही. ज्या १९८२ च्या सागरी कायद्याच्या आधारे ती हे बोलते, त्या कराराची ती स्वतः पक्षकार नाही, ही नोंदही शेजारी असावी.

केवळ अमेरिकी कागदपत्रांवर मात्र थांबू नये. सॅन फ्रान्सिस्कोला चीनच्या दोन्ही सरकारांपैकी, म्हणजे बीजिंगमधील साम्यवादी आणि तैवानमधील राष्ट्रवादी सरकारांपैकी, कोणालाही बोलावले नव्हते. म्हणून बीजिंग सरकारचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांचे १५ ऑगस्ट १९५१ चे निषेधाचे निवेदन आणि ७ सप्टेंबरला परिषदेत व्हिएतनामचे पंतप्रधान त्रान वान हुउ यांनी स्प्रॅटली व पॅरासेल या दोन्ही द्वीपसमूहांवर मांडलेला हक्क, हे दोन्ही मजकूर दुसऱ्या कलमाशेजारी ठेवून वाचावेत.