टॅनिंग बेडची खरेदी : किमतीच्या आधी पाहायच्या गोष्टी

अमेरिकेत केशकर्तन आणि नखांचे सलून उभारणाऱ्या मराठी उद्योजकासमोर टॅनिंगची, म्हणजे अतिनील लॅम्प लावलेल्या बेडवर झोपवून त्वचा सावळी करून देण्याच्या सेवेची, जोड देण्याचा प्रस्ताव कधी ना कधी येतोच. पुण्यामुंबईच्या पार्लरमध्ये उन्हाने काळवंडलेली त्वचा उजळवण्यासाठी ‘डी-टॅन’ विकले जाते, तर तिकडे त्वचा सावळी व्हावी म्हणून गिऱ्हाईक दरमहा वर्गणी भरते. ही गंमत बाजूला ठेवली, तरी व्यवसाय म्हणून हा जोखमीचा आहे आणि त्यातली सर्वांत मोठी रक्कम बेडमध्ये अडकते. बेडची किंमत विचारणे सोपे असते. तो बेड आपल्या गाळ्यात, आपल्या राज्याच्या नियमांत आणि आपल्या वीजजोडणीवर चालेल का, हे शोधायला वेळ लागतो. म्हणून खरेदीची सुरुवात विक्रेत्याच्या दालनातून न करता राज्याच्या आरोग्य विभागापासून आणि स्वतःच्या इलेक्ट्रिशियनपासून करावी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2009 मध्ये टॅनिंगच्या अतिनील उपकरणांना मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटात टाकले. ब्राझीलने त्याच वर्षी सौंदर्यासाठी होणाऱ्या वापरावर बंदी घातली आणि ऑस्ट्रेलियाच्या सर्व राज्यांत 2016 च्या आरंभापर्यंत व्यावसायिक टॅनिंग बंद झाले. अमेरिकेत तसे झालेले नाही, परंतु अन्न व औषध प्रशासनाने 2014 मध्ये या उपकरणांना दुसऱ्या श्रेणीतील (मध्यम जोखमीची) वैद्यकीय उपकरणे ठरवले आणि अठरा वर्षांखालील व्यक्तींनी ती वापरू नयेत असा इशारा बेडवर चौकटीत छापणे सक्तीचे केले. कॅलिफोर्नियाने 2012 पासून अल्पवयीनांना संपूर्ण बंदी केली आणि पुढे अनेक राज्ये त्याच वाटेने गेली. या बंद्यांचा खरेदीशी थेट संबंध आहे : उद्या नियम आणखी आवळले गेले, तर बेडला पुनर्विक्रीचे मूल्य उरणार नाही, हे धरूनच हिशेब मांडावा. मोठ्या मुदतीचे कर्ज काढून बेड घेण्याला माझा विरोध आहे, तो याच कारणाने.

बेड नवा असो वा जुना, त्यावर उत्पादकाचे नाव व पत्ता, निर्मितीचा महिना व वर्ष, संघराज्याच्या मानकांची पूर्तता केल्याचे प्रमाणन, कोणते लॅम्प चालतील याची माहिती आणि किती मिनिटांपासून किती मिनिटांपर्यंत वापरायचा याचे वेळापत्रक अशी लेबले असलीच पाहिजेत. परदेशी संकेतस्थळावरून स्वस्तात मागवलेला, अमेरिकी मान्यता नसलेला बेड सीमाशुल्क विभागातच अडकू शकतो. युरोपातील बेडचेही तसेच आहे. तिथे किरणांच्या तीव्रतेवर दर चौरस मीटरला 0.3 वॅट अशी मर्यादा आहे, अमेरिकेतील मानक वेगळ्या पद्धतीने बांधलेले आहे. त्यामुळे एका खंडासाठी बनवलेला बेड दुसऱ्या खंडात कायदेशीर ठरेलच असे नाही. लंडनमधल्या नातेवाइकाचा ‘चांगला चालणारा’ बेड न्यू जर्सीत आणण्याचा मोह म्हणूनच आवरावा.

विजेच्या प्रश्नाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. साध्या बेडमध्ये 100 वॅटचे 32 लॅम्प धरले, तर केवळ लॅम्पच 3.2 किलोवॅट खातात. मोठ्या बेडमध्ये 200 वॅटचे 48 लॅम्प असले, तर हा आकडा 9.6 किलोवॅटवर जातो. त्यात चोक, पंखे आणि चेहऱ्यावरचे उच्चदाबाचे लॅम्प वेगळे. म्हणजे प्रत्येक बेडला स्वतंत्र सर्किट लागते आणि तीन मोठे बेड एकाच वेळी चालू झाले, तर गाळ्याची मूळ जोडणीच अपुरी पडते. आणखी एक अडचण अशी की घरगुती जोडणीत साधारण 240 व्होल्ट मिळतात, पण अनेक व्यापारी इमारतींत थ्री-फेजमुळे 208 व्होल्टच असतात. 230 व्होल्टसाठी बनवलेला बेड त्यावर मंद चालतो, लॅम्प पुरेशी किरणे देत नाहीत आणि गिऱ्हाईक ‘रंग चढत नाही’ म्हणून तक्रार करते. त्यावर उपाय म्हणजे व्होल्टेज वाढवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर. त्याचा खर्च बेडच्या किमतीतच धरावा. भाडेकरारावर सही करण्यापूर्वी इलेक्ट्रिशियनकडून पॅनेलची तपासणी करून घ्यावी, कारण वाढीव जोडणीचा खर्च कोणी करायचा, यावर गाळामालकाशी घासाघीस करण्याची ती एकच वेळ असते.

खाल्लेली वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते. 9.6 किलोवॅटचा बेड चालू असताना त्याची उष्णता काढायला अडीच टनांहून अधिक क्षमतेचे वातानुकूलन लागेल, आणि खोली असते जेमतेम आठ बाय दहा फुटांची. बेडची गरम हवा नळीने थेट बाहेर सोडण्याची सोय आहे का, हे विक्रेत्याला आधीच विचारावे. दाराची रुंदी आणि जिन्याचे वळण मोजायलाही विसरू नये.

लॅम्प ही कायमची खर्चाची बाब आहे. लॅम्प पेटतो म्हणजे तो चांगला आहे असे नव्हे. त्याची अतिनील किरणे दिसणाऱ्या प्रकाशाच्या कितीतरी आधी क्षीण होतात. लॅम्पचे आयुष्य 800 तास धरले आणि बेड रोज पाच तास, महिन्यातून 26 दिवस चालला, तर सहा महिन्यांत पूर्ण संच बदलावा लागतो. म्हणजे 48 लॅम्पच्या बेडला वर्षाला 96 लॅम्प. त्यांच्या किमतीचे लेखी दरपत्रक बेडच्या सौद्याआधी घ्यावे, आणि बदली लॅम्प लेबलवरील यादीतले किंवा प्रमाणित समतुल्यच असावेत. जास्त तीव्र लॅम्प बसवला की बेडवर छापलेले वेळापत्रक निरर्थक होते आणि भाजलेल्या गिऱ्हाइकाची जबाबदारी मालकावर येते. जुने लॅम्प त्यांतील पाऱ्यामुळे साध्या कचऱ्यात टाकता येत नाहीत.

जुने बेड घेण्यात गैर काही नाही. बंद पडलेल्या सलूनमधून ते बऱ्यापैकी स्वस्त मिळतात, पण ते जोडलेले आणि चालू असतानाच पाहावेत. तास मोजणारे मीटर वाचावे, सर्व लॅम्प एकदम पेटतात का ते पाहावे, ॲक्रिलिकच्या पत्र्यावर हात फिरवून बारीक तडे शोधावेत (काच पुसण्याच्या अमोनियायुक्त द्रवाने तो पत्रा तडकतो आणि नवा पत्रा महाग असतो), आणि उत्पादक सुटे भाग अजून देतो का, हे त्याच्याकडूनच विचारून घ्यावे. वेळ संपली की बेड आपोआप बंद होतो का आणि आतून झोपल्या जागी तो बंद करता येतो का, याची चाचणी घेतल्याशिवाय बयाणा देऊ नये. काही राज्यांत टायमरचे नियंत्रण खोलीबाहेर, कर्मचाऱ्याच्या हाती असावे लागते. ती जोडणी जुन्या बेडला बसेल का, तेही पाहावे.

किती बेड घ्यावेत? माझ्या मते नव्या सलूनने दोन साधे आणि एक वरच्या दर्जाचा, एवढ्यावर सुरुवात करावी. अतिनील टॅनिंगच्या सेवेवर 1 जुलै 2010 पासून 10 टक्के संघीय उत्पादन शुल्क आहे, जे गिऱ्हाइकाकडून घेऊन दर तिमाहीला भरावे लागते. फवाऱ्याने रंग चढवण्याच्या सेवेला ते लागू नाही. अतिनील किरणांचा धोकाही त्यात नाही. म्हणून चौथी खोली फवाऱ्यासाठी राखावी. सौदा ठरला की एकूण रकमेचा शेवटचा हप्ता बेड बसवून, 208 किंवा 240 यांपैकी आपल्या प्रत्यक्ष व्होल्टेजवर चालवून दाखवल्यानंतरच देण्याची अट करारात लिहून घ्यावी.